दारू सुटली, मग झोप का येत नाही?

ताई, मी एका सहकारी साखर कारखान्यात हिशेब विभागात आहे. वय ४३. सोळा वर्षं प्यायलो, शेवटची चार तर सकाळी उठल्यापासून. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिलो. तेव्हापासून थेंब नाही. पहिले दोन महिने हवेत होतो. भूक लागायची, चेहऱ्याची सूज उतरली, लोक ओळखेनात. मग हळूहळू सगळं बिनसलं. रात्री अडीचला जाग येते ती पहाटेपर्यंत. कुकरची शिट्टी डोक्यात जाते. परवा शिट्टीवरून मुलीवर असा ओरडलो की ती न जेवता झोपली. एकच बेरीज तीनदा करतो आणि तीन उत्तरं येतात. तळपायांना मुंग्या असतात. स्वप्नात पितो आणि घाबरून उठून स्वतःच्या तोंडाचा वास बघतो. कशातच राम वाटत नाही. बायको म्हणाली, ‘पीत होतात तेव्हा निदान हसत तरी होतात.’ केंद्राने दिलेल्या गोळ्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. मेव्हण्याने झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप आणून दिली, त्यातल्या चार घेतल्या. ऑफिसातला एक जण म्हणतो, अश्वगंधारिष्ट घे, आयुर्वेदिक आहे, झोप लागेल. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटेल, मग चार-पाच महिने मान वर करता येणार नाही. हे किती दिवस चालणार? माझा मेंदू कायमचा गेला का? गोळी घेऊ की नको?

– एक वाचक

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्री अडीचला तोच उशाशी येऊन बसत असणार. नाही, तुमचा मेंदू गेलेला नाही. मेंदू गेलेला माणूस बेरीज तीनदा करत नाही. पहिलं उत्तर लिहून मोकळा होतो आणि चूक निघाली की दुसऱ्यावर खापर फोडतो. तुम्ही तीनदा तपासता आहात, म्हणजे तपासणारा जागेवर आहे. तो थकलेला आहे, ही गोष्ट खरी.

दारू सोडल्याचा पहिला त्रास तुम्ही केंद्रात काढलात. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं. ज्यांना फिट येते त्यांना ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. भास होणं, बडबड, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. आठवडाभरात हे ओसरतं आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. निरोपाच्या दिवशी टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात. तिसऱ्या महिन्यात काय होईल हे त्या गडबडीत सांगितलं गेलेलं नसतं, किंवा सांगितलेलं असतं आणि पेशंटच्या कानात शिरलेलं नसतं.

आपल्या मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. दारू त्याचा जोर वाढवते. उलट बाजूला चेतवणारं रसायन असतं, ग्लुटामेट. त्याला दारू दाबते. वर्षानुवर्षं रोज असं होत राहिलं की मेंदू त्यावर आपली तोड काढतो. गाबाला पूर्वीइतकी दाद देत नाही आणि ग्लुटामेटची बाजू वाढवून ठेवतो. म्हणून तर सकाळी पिऊनही तुम्ही कामावर जाऊन सही करू शकत होतात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चढ चढणारा ट्रॅक्टर फुल रेसवर असतो ना, तसं तुमचं डोकं सोळा वर्षं होतं. एप्रिलमध्ये तुम्ही ट्रॉल्या सोडल्यात, पण रेस अजून उतरलेली नाही. कुकरची शिट्टी डोक्यात जाते ती त्यामुळे. ताण आला की शरीरात जे हार्मोन सुटतात त्यांचंही गणित बिघडलेलं असतं, त्यामुळे क्षुल्लक गोष्टीलाही छाती धडधडते. आणि इतकी वर्षं आनंद दारूच्या जोरावर यायचा. त्याशिवाय साध्या गोष्टींत गोडी वाटायला मेंदूला वेळ लागतो. ‘कशातच राम वाटत नाही’ हे त्यातलंच असण्याची शक्यता मोठी आहे. ‘शक्यता’ म्हणाले, कारण त्यात एक मेख आहे. तिच्याकडे थोड्या वेळाने येते.

किती दिवस, हा तुमचा पहिला प्रश्न. तारीख कोणी देऊ शकत नाही आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण साधारण चाल सांगता येते. बहुतेकांचा हा त्रास सहा महिने ते वर्षभरात बराच निवळतो. झोप सगळ्यांत हट्टी. काहींची ती दुसऱ्या वर्षातही पूर्ण बसलेली नसते. आणि हे सरळ रेषेत कमी होत नाही. चार दिवस बरे जातात, मग तीन दिवस असे येतात की वाटतं, आपण पुन्हा पहिल्या महिन्यात जाऊन पडलो. हळूहळू वाईट दिवसांमधलं अंतर वाढत जातं. पण ते अंतर मोजल्याशिवाय दिसत नाही, कारण वाईट दिवशी माणसाला सगळे दिवस वाईटच आठवतात. तुम्ही हिशेबातले आहात, तर एवढं करा. घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे: किती तास झोपलो आणि चिडचिड पाचांपैकी किती. बाकी मजकूर नको. महिना उलटला की पान समोर ठेवून बघा. वाईट दिवसांच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, तेही कळायला लागेल. जेवण चुकलं होतं, साहेबांशी वाजलं होतं, कुणाच्या तरी मयतीला जाऊन आलो होतो, असं काही ना काही निघतं.

शरीराला वेळ लागतो याचा पुरावा तुमच्या रक्तातच सापडेल. रोज पिणाऱ्याच्या तांबड्या पेशी आकाराने फुगलेल्या असतात. रिपोर्टवर तो आकडा एमसीव्ही या नावाने येतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे जुना सगळा माल जाऊन नवा यायलाच चार महिने लागतात. लिव्हरची अवस्था दाखवणारा जीजीटी हा आकडा त्या मानाने लवकर, महिना-दीड महिन्यात खाली येतो. रक्ताला चार महिने लागतात म्हटल्यावर मेंदूने पाच महिन्यांत काम उरकावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मला तुमच्या त्रासापेक्षा त्रासातून तुम्ही काय निष्कर्ष काढाल याची जास्त काळजी वाटते. माझ्याकडे जी माणसं पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा पिऊन येतात, त्यांतली फार थोडी म्हणतात की तलफ सहन झाली नाही. बहुतेक जण म्हणतात, ‘न पिता हे असंच राहणार असेल तर काय उपयोग?’ त्यांनी चार वाईट दिवसांवरून उरलेल्या आयुष्याचा ताळेबंद मांडलेला असतो. तुमच्या पत्रातही तो मांडायला सुरुवात झाली आहे. म्हणून नियम करा: अडीच वाजता कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. नोकरीबद्दल नाही, बायकोबद्दल नाही, मेंदूबद्दल तर नाहीच. निष्कर्ष काढायचे ते जेवण झाल्यावर, दिवसाउजेडी, आणि शक्यतो दुसऱ्या माणसासमोर.

झोपेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाकी बऱ्याच गोष्टी तिच्यामागून सुधारतात. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीचा उत्तरार्ध ती मोडून काढते, आणि गाढ झोपेचा वाटाही कमी करते. तो वाटा परत यायला महिने लागतात. ज्या झोपेत स्वप्नं पडतात तीही दारू दाबून ठेवते. दारू बंद झाली की ती उसळून वर येते. म्हणून स्वप्नं इतकी ठसठशीत. स्वप्नात प्यायलात म्हणजे मनात चोर आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. उठून तोंडाचा वास बघता आणि नाही म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटतं ना? मनाचा कौल कोणत्या बाजूला आहे ते त्यावरून कळतं.

करायचं काय? सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही, रात्र कशीही गेलेली असो. झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ महत्त्वाची. अडीचला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. मोबाइल हातात घेऊ नका. दुपारी चारनंतर चहा बंद. कारखान्यात दिवसाला किती कप होतात ते मला माहीत आहे, आणि दारू सोडलेल्या माणसाचे ते दुप्पट होतात. तंबाखू किंवा मावा खात असाल तर तोही झोपेच्या आड येतो; निदान रात्रीच्या जेवणानंतरचा बार थांबवा. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घाम येईल असं चाला. हे सगळं ऐकायला फार साधं वाटतं आणि पहिल्या आठवड्यात झोप आणखी बिघडल्यासारखी वाटते. तीन-चार आठवडे रेटा. आणि पत्नीला एक विचारा: तुम्ही फार घोरता का, घोरता घोरता श्वास थांबतो का? हो म्हणाल्या तर डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींत हे सगळ्यांत वर लिहा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला गुंगीची गोळी धोक्याची असते.

आता मेव्हण्यांची स्ट्रिप. नाव लिहिलेलं नाहीत, पण मेडिकलमधून असं हातोहात जे मिळतं ते बहुधा अल्प्राझोलाम किंवा त्याच्या भावकीतलं असतं. ही औषधं गाबावरच काम करतात, म्हणजे दारू जिथे हात घालायची तिथेच. म्हणून तर ती इतकी छान वाटतात. काही आठवड्यांत त्यांचीही सवय लागते आणि मग ती सोडताना पुन्हा तेच कापरं, तीच तळमळ. केंद्रात पहिल्या आठवड्यात याच जातीची औषधं देतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज कमी करत आणून बंद करण्यासाठी. घरी स्वतःच्या मनाने घेणं हा वेगळा प्रकार आहे. चार गोळ्यांनी तुमचं काही बिघडलेलं नाही. पाचवी घेऊ नका. मेव्हण्यांवर रागावूही नका. त्यांना तुमचे लाल डोळे बघवले नाहीत, एवढंच. (ज्या वाचकांनी अशा गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेतल्या आहेत त्यांनी मात्र हे वाचून एकदम बंद करू नयेत. फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.) सवय न लागणारी झोपेची औषधंही असतात, पण तुम्हाला त्यांची गरज आहे का आणि कुठली, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

अश्वगंधारिष्टाचं काय? बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात. त्यांत स्वतःहून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बहुतेक बाटल्यांवर ५ ते १० टक्के असं लिहिलेलं सापडेल. बिअरच्या तोडीचं. मात्रा चमच्यांची असते हे मान्य, पण तुमच्या मेंदूला चव आणि वास पुरतो, आणि दोन चमच्यांचे चार व्हायला वेळ लागत नाही. आयुर्वेदाला माझा विरोध नाही. वैद्यांना ‘मी दारू सोडली आहे’ एवढं सांगा, ते चूर्ण किंवा गोळी देतील. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, माउथवॉश यांचंही तेच. लेबल वाचायची सवय लावून घ्या.

अरिष्ट टाळायला आणखी एक कारण आहे. केंद्राने दिलेल्या आणि तुम्ही पुन्हा न आणलेल्या त्या गोळ्या कुठल्या होत्या? डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. त्यावर डायसल्फिराम असेल तर ती गोळी पोटात असताना कुठल्याही रूपात अल्कोहोल गेलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो; गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती तलफ कमी करत नाही, झोपही आणत नाही. ती फक्त कुंपण घालते. (चहात, भाजीत न कळत मिसळून द्यायच्या पावडरींच्या जाहिराती येतात. त्यात नेमकं काय असतं ते कोणी सांगत नाही. घरच्यांनी त्या वाटेला अजिबात जाऊ नये. माणसाच्या जिवाशी खेळ होतो.) कार्डावर नालट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर ती वेगळी औषधं, तलफ आणि पुन्हा पिण्याचं प्रमाण कमी करण्यासाठी देतात आणि महिनोन्‌महिने घ्यायची असतात. महिन्याच्या गोळ्या संपल्या म्हणजे कोर्स संपला, असा आपल्याकडे समज आहे. तुमच्याबाबतीत तेच झालं असावं. नालट्रेक्झोनसाठी लिव्हर बघतात, अकॅम्प्रोसेटसाठी किडनी; त्यामुळे पुन्हा स्वतःहून सुरू न करता विचारून सुरू करा.

आणि आता मघाशी म्हटलेली मेख. दारू सोडल्यावर जे जे होतं ते सगळं दारू सोडल्यामुळेच होतं, असं धरून चालू नका. तळपायांच्या मुंग्या घ्या. वर्षानुवर्षं दारूने नसांना इजा होते, आणि पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. नसा सावकाश भरतात, कित्येक महिने. पण मुंग्या मधुमेहानेही येतात आणि बी-१२च्या कमतरतेनेही. थकवा, विसराळूपणा, उदास वाटणं हे थायरॉइडनेही होतं. तेव्हा साखर, थायरॉइड, बी-१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या एकदा करून घ्या, आणि थायमिन किती, कुठल्या रूपात घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. चालताना तोल जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर मात्र ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उदासपणाचंही तसंच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला झाली, ती करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन. त्यांनी डिसेंबर १९३४मध्ये दारू सोडली आणि १९७१मध्ये मरेपर्यंत पुन्हा घेतली नाही. पण १९४०च्या दशकात, म्हणजे दारू सोडून दहाएक वर्षं झालेली असताना, त्यांना नैराश्याने गाठलं आणि ते कित्येक वर्षं टिकलं. हजारो लोक ज्यांच्याकडे बघून पिणं सोडत होते त्यांची ही गत. हे सांगायचं कारण असं की नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे, त्याचे स्वतंत्र उपचार आहेत, आणि ‘हे विथड्रॉवलचं, म्हणजे दारू सोडल्याच्या त्रासातलं आहे, जाईल’ म्हणून ते वर्षभर अंगावर काढू नये. दोन आठवडे सलग, दिवसाचा बराच वेळ कशातच मन नसेल, भूक मेली असेल, आपण ओझं आहोत असं वाटत असेल, तर तपासून घ्या. आणि सरळच विचारते: मरून जावं असं मनात येतं का? येत असेल तर आजच पत्नीला सांगा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर १४४४६ हीदेखील सरकारी हेल्पलाइन आहे.

कामाकडे येते. हंगाम लागला की दर पंधरवड्याची ऊसबिलं, शेतकरी टेबलाशी उभे, फोन चालू, आणि त्यात बेरीज चुकण्याची धास्ती. लक्ष आणि स्मरण बहुतेकांचं पुढच्या काही महिन्यांत बरंच सुधारतं, पण हंगाम त्यासाठी थांबणार नाही. म्हणून जोखमीचं काम सकाळी अकराच्या आत उरका, दुपारनंतर फाइलिंग, नोंदी, टपाल. एकदा केलेली बेरीज स्वतः पुन्हा करू नका. शेजारच्याला तपासायला द्या आणि त्याची तुम्ही तपासा. तीनदा तपासण्यात भीती वाढते, अचूकपणा वाढत नाही. विश्वासाचे एक वरिष्ठ निवडून त्यांना एवढंच सांगा की तब्येतीवर उपचार चालू आहेत, मार्चपर्यंत रात्रीची पाळी नको. खरं काय ते बहुधा त्यांना ठाऊक असतंच. गावात कुठली गोष्ट लपते?

बॉयलर अग्निप्रदीपनाचा दिवस तुम्ही एका वाक्यात उरकलात, पण मला तो दिसतो आहे. सकाळी पूजा, संचालक मंडळ, फेटे, भाषणं. आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मळ्यात ‘बसायचं’. मग मोळी टाकायच्या दिवशी पुन्हा. सकाळच्या पूजेला जा, प्रसाद घ्या, चारचौघांत दिसा. संध्याकाळचं उत्तर आजच ठरवून ठेवा, आणि ते लांबलचक नको. ‘गोळ्या चालू आहेत, रिॲक्शन येते’ हे वाक्य आपल्याकडे फार उपयोगी पडतं. तत्त्वज्ञान सांगायला लागलात की समोरचा वाद घालतो, गोळीशी कोणी वाद घालत नाही. ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का’ म्हणणारा एक तरी भेटेलच, त्याला हसून बगल द्या आणि निघा. त्या संध्याकाळसाठी दुसरा कार्यक्रम हवा, रिकामी संध्याकाळ नको: एएची मीटिंग, नाहीतर मुलीला घेऊन तालुक्याला जाऊन भेळ. तलफ आलीच तर तिला अर्धा तास द्या. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. तेवढ्या वेळात काहीतरी खा, जागा बदला, कुणाला तरी फोन लावा. तलफ ओढवणाऱ्या चार गोष्टी मीटिंगमध्ये ऐकल्या असतील: भूक, राग, एकटेपण, थकवा. तुमच्या पत्रात राग आणि थकवा उघड दिसतात. एकटेपण कुठेच लिहिलेलं नाही, पण पाच महिन्यांत एएचा किंवा केंद्राच्या पाठपुराव्याच्या गटाचा एकदाही उल्लेख नाही, त्यावरून ओळखलं. जात नसाल तर जायला लागा. तिथे अडीचला उठणारे आणखी भेटतील, आणि कधीकाळी उठायचे पण आता झोपतात असेही भेटतील. हे दुसरे तुम्हाला बघायला मिळणं फार गरजेचं आहे.

मुलीचं. तिला विथड्रॉवल, गाबा, मेंदू यांतलं काही सांगू नका. ‘परवा शिट्टीवरून ओरडलो, माझं चुकलं, तू काही केलं नव्हतंस’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. तिने लगेच माफ करावं ही अपेक्षाही नको. यापुढे डोकं तापतंय असं वाटलं की घराबाहेर एक फेरी मारून या, आणि जाताना सांगून जा. पूर्वी न सांगता बाहेर जाणं म्हणजे काय असायचं, हे त्या घराला पाठ आहे.

आणि पत्नीचं ते वाक्य. तुम्हाला ते फार लागलं आहे, कळतंय. पण पुन्हा प्या असं त्या म्हणाल्या नाहीत. सोळा वर्षं त्यांनी तुमच्या पावलांचा आवाज ऐकून ओळखलं असणार की आज किती झाली आहे. दारू गेल्यावर नवरा परत मिळेल, या आशेवर त्या होत्या. मिळाला तो गप्प, लाल डोळ्यांचा, शिट्टीवर ओरडणारा. त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही की हे असं होतं आणि निवळतं. हे सदर त्यांना वाचायला द्या. सकाळी उठल्यावर एक वाक्य सांगायची सवय करा: ‘आज रात्र वाईट गेली, मी गप्प असेन, तुझ्यावर राग नाही.’ एवढ्यानेही घरातली निम्मी भांडणं टळतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना स्वतःसाठीही कोणीतरी हवं. अल-ॲनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं, आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलेलं, तिथे पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. लांब पडत असेल तर तुमच्या केंद्रात विचारा. बऱ्याच ठिकाणी घरच्यांची मीटिंग असते, फक्त तिथे जायचं असतं हे बायकांना सांगितलेलं नसतं. मला त्यांनी वेगळं पत्र लिहिलं तरी चालेल. तुम्ही ते वाचायचं नाही.

इतर वाचकांसाठी एक सूचना. जे अजून रोज पितात आणि हे वाचून उद्यापासून घरीच बंद करायचं ठरवत आहेत, त्यांनी तसं करू नये. सकाळी हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर दवाखान्यात भरती होऊनच सोडा. आणि आधी सोडून पुन्हा सुरू केलेल्यांचा सोडतानाचा त्रास दर खेपेला वाढत जाऊ शकतो; मागच्या वेळी घरी जमलं होतं, हा आधार धरू नका. तुम्हालाही हे लागू आहे. घसरलात तर लाजेपोटी कोंडून घेऊन घरीच उतरवायचा प्रयत्न नको, त्याच दिवशी केंद्राला फोन करा.

डॉक्टरांची वेळ दसऱ्याच्या आधीची घ्या, कारण हंगाम लागल्यावर रजा मिळणार नाही हे तुम्हीच लिहिलं आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड, मेव्हण्यांची स्ट्रिप आणि कालनिर्णयचं पान, तिन्ही बरोबर न्या. पत्नीलाही आत बोलवा. घोरण्याचं उत्तर त्यांनाच द्यायचं आहे.